शांत स्वभावाच्या, म्हणे

नलूमावशी मुलुंडला लेकीकडे वारल्या, त्याची बातमी आमच्या सोसायटीच्या मोबाइल ग्रुपवर आली आणि पाठोपाठ सेक्रेटरी मोहित्यांनी श्रद्धांजली टाकली. ‘अत्यंत मनमिळाऊ, मितभाषी आणि शांत स्वभावाच्या श्रीमती नलिनी परब यांना भावपूर्ण...’ मी भाजी चिरत होते. सुरी बाजूला ठेवली आणि परत वाचलं. मितभाषी? शांत? अहो, कोणाबद्दल बोलताय? त्या बाईनं ‘शांत’ हा शब्द ऐकला असता तर चितेवरून उठून मोहित्यांचा कान पिरगाळला असता!

मजकूर फोननंच तयार करून दिलेला होता, हे शेंबडं पोरसुद्धा ओळखेल. नाव घातलं, वय घातलं, बटण दाबलं, झाली श्रद्धांजली. आणि त्याखाली सगळे एकामागून एक ‘आदर्श व्यक्तिमत्त्व’, ‘कधी कोणाला दुखावलं नाही’. ज्यांना मावशींनी भर जिन्यात झापलं होतं, तेसुद्धा! माझं डोकंच फिरलं. म्हणून हे लिहायला बसले. मावशींना शांत करून वर पाठवण्याचं पाप बाकीच्यांनी घ्यावं, मी घेणार नाही.

जोगेश्वरी पूर्वेला आमची जुनी चाळ होती, तिची आता टोलेजंग इमारत झालीय. आम्ही जुने भाडेकरू एका विंगेत, नवीन पैसेवाले दुसऱ्या विंगेत. मावशी माझ्या समोरच्या दाराच्या. बुटक्या, काटक, अंगात गाउन आणि खांद्यावर पंचा. त्यांचे यजमान गिरणीत होते, त्या स्वतः टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होत्या. नोकरी संपून जमाना झाला, पण कान तसाच राहिला होता. जिन्यात पाऊल वाजलं की आतून ओरडायच्या, ‘काय गो बाय, आज उशीर?’

त्यांना टाइप करायला येत नव्हतं. येत नव्हतं म्हणजे करायचं नव्हतं. ‘बोटांनी बोलायला मी काय मुकी आहे?’ म्हणायच्या. त्यामुळे ग्रुपवर त्यांचे फक्त आवाज. चहा उकळून निवेल एवढे लांब. प्रत्येकाची सुरुवात ‘हॅलो, परब बोलतेय’ अशी, आणि मग क्षणभर शांतता. पलीकडून कोणीतरी ‘हां, बोला’ म्हणेल म्हणून थांबायच्या. शेवट ठरलेला: ‘हे माझं मत. पटलं तर घ्या, नाही तर सोडा.’ ग्रुपवर शुद्ध मराठी बोलायचं हा त्यांचा नियम. पण चिडल्या की शुद्धबिद्ध सगळं वाहून जायचं आणि थेट मालवण अवतरायचं. आणि चिडायच्या तर रोज!

मतं कशावर नसायची? मी हवेवर तळायचं ते यंत्र आणलं तर मावशींनी त्यातला बोंबील चाखला आणि ग्रुपवर निकाल दिला: ‘हा बोंबील म्हणजे आंघोळ न करता पावडर लावून आलेला माणूस.’ नवीन विंगेतल्या कोणाकडे आपोआप फिरणारा झाडू आला, तर ‘कोपरा सोडून झाडतो, अगदी आमच्या जुन्या कामवालीसारखा, फक्त हा दिवाळी मागत नाही.’ मालिका त्या शिव्या घालायला बघायच्या. ‘ती हिरॉइन झोपताना नथ घालते. हिला बापजन्मात सर्दी होत नाही काय?’ आणि बातम्या बघायच्या उभ्यानं. खुर्ची असायची, तरी उभ्यानं. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, ‘बसान बघलंस तर ती बातम्यांची बाई तुका उठूक देवची नाय.’ निवेदक ओरडायला लागला की ह्या त्याच्या वर आवाज चढवायच्या, ‘वरडतस कित्याक रे? हय कोण बहिरो आसा?’ आणि रिमोटनं त्याचं तोंड बंद करायच्या.

निम्मी मतं साफ चुकायची, हेही सांगते. पडद्याला हात लावून चालणारे फोन म्हणजे चार दिवसांचं खूळ, असं त्यांनी छातीठोक सांगितलं होतं. एका नव्या नटाला ‘हा महिन्याभरात घरी बसेल’ म्हणाल्या, तर त्याच्या जाहिराती बसस्टॉपवर लागल्या. पण चुकल्या की ग्रुपवर येऊन सांगायच्या, ‘हॅलो, परब बोलतेय. मी चुकले.’ आमच्या ग्रुपवर दुसऱ्या कोणी हे दोन शब्द लिहिलेले मला आठवत नाहीत. शोधून दाखवा, मी मोदक खाऊ घालीन.

मत आणि खबर ह्या दोन गोष्टी मात्र त्यांनी कधी एका भांड्यात ठेवल्या नाहीत. एकदा मी जिन्यात त्यांना म्हटलं, ‘मावशी, उद्या पाणी येणार नाही.’

‘कोण म्हणालं?’

‘ग्रुपवर आलंय.’

‘मग म्हणे लाव. उद्या पाणी नाही म्हणे. तू काय पाइपात बसून बघून आलीस?’

अस्सा तो ‘म्हणे’! दोन अक्षरं, पण मावशींनी त्याच्यावाचून ऐकीव गोष्ट कधी पुढे दिली नाही. पेट्रोल वाढणार म्हणे. अमक्या नटीचं मोडलं म्हणे. त्यामागे एक्सचेंजची शिस्त होती. ‘ऐकायचं, जोडायचं, विसरायचं,’ असं त्यांना पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. ‘अर्ध्या मुंबईची लफडी ह्या कानातून गेली,’ म्हणायच्या, ‘तोंडातून एक नाय.’

आता मोहित्यांकडे येते. नवीन विंगेत राहतात, मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले, हातात कायम दोन फोन. लांब आवाज ऐकायला कोणाला वेळ नाही, अशी तक्रार आली तेव्हा ह्यांनी एक ॲप शोधून काढलं. आवाज त्यात टाकला की ते त्याचा दोन ओळींत सारांश लिहून देतं. मोहिते तो रोज ग्रुपवर टाकायला लागले: ‘मावशींचं सार’. मावशी माझ्या दारात येऊन फणकारल्या, ‘सार कोकमाचा करतत गो. माणसाच्या बोलण्याचा करूक कोणी सांगितला?’

सुरुवातीला मजा यायची, नाही कशाला म्हणू? मालिकेतल्या सासूला ‘कोणीतरी एकदा चांगली धुतली पाहिजे’ असं मावशी म्हणाल्या, तर सार आलं: ‘मावशी सासूला स्वच्छ आंघोळ घालण्याचा सल्ला देतात.’ एकदा चिडून ‘माका नको, माका नको’ म्हणाल्या, तर ॲपनं लिहिलं: ‘मावशींना मका आवडत नाही.’ सगळे हसले. मावशीही हसल्या. आणि हळूहळू लोकांनी मूळ आवाज ऐकणं बंद केलं. सार मिळतंय ना आयतं, मग कोण कान लावतंय?

आमच्या गेटला लागून दिनेश गुरवची टपरी होती, मोबाइल दुरुस्तीची. चाळीच्या काळी त्याचा बाप त्याच जागी रेडिओ दुरुस्त करायचा. इमारत झाली तेव्हा जुन्या मंडळींनी भांडून त्याच्यासाठी ती जागा राखून घेतली. पस्तिशीचा माणूस, दोन शाळकरी मुली, बायको घरी शिवणकाम करते. ती टपरी म्हणजे त्याचं सगळं. सगळ्या सोसायटीचे फोन त्याच्याच हाताखालून जायचे.

एक दिवस मावशींनी ग्रुपवर एक भलामोठा आवाज पाठवला. विषय होता, माणसं फोनमध्ये काय वाट्टेल ते भरून ठेवतात. त्याच ओघात म्हणाल्या, आणि हे मी स्वतः ऐकलेलं आहे, ‘फोन दुरुस्तीला देताना आतले फोटो काढून घ्या. दुकानवाले बघतात म्हणे. आपल्या दिनेशकडेही कोणाचे तरी बघितले गेले म्हणे. भाजीच्या गाडीवर कानावर आलं. खरं-खोटं मला माहीत नाही, मी काही बघितलेलं नाही.’

आणि सार काय आलं? ‘मावशींची महत्त्वाची सूचना: दिनेश दुरुस्तीला आलेल्या फोनमधले फोटो बघतो. सर्वांनी सावध राहावे.’

‘म्हणे’ गेलं. ‘कानावर आलं’ गेलं. ‘मला माहीत नाही’ गेलं. त्या यंत्राला तो चोथा वाटला, गाळून टाकला! आणि मोहित्यांनी न वाचता ते चिकटवलं. दुपारपर्यंत बाजूच्या तीन सोसायट्यांत गेलं. संध्याकाळी त्याखाली कोणीतरी टपरीचा फोटो जोडला. दुसऱ्या दिवशी दिनेशच्या मुलींच्या शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर. कोणी एकीनं लिहिलं, मला पहिल्यापासून त्याची नजर बरी वाटत नव्हती. अगं बाई, पहिल्यापासून? मग तीन वेळा काच बदलून घेतलीस ती काय डोळे मिटून?

मी तणतणत मोहित्यांकडे गेले. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला. ‘मी कुठे लिहिलं? ॲपनं लिहिलं. मी फक्त टाकलं.’

‘मग जबाबदार कोण?’

‘तसं बघायला गेलं तर कोणीच नाही,’ म्हणाले. ‘टेक्नॉलॉजी आहे, थोडं इकडेतिकडे होतंच.’

इकडेतिकडे! एका माणसाच्या पोटावर पाय आला, त्याच्या पोरींकडे शाळेत बोटं दाखवायला लागले, आणि ह्यांच्या मते थोडं इकडेतिकडे झालं. वर ह्यांनीच मला सल्ला दिला, ‘तुम्ही इमोशनल होताय.’

मावशींना हे कळलं. मला वाटलं, आता मोहित्यांची काही खैर नाही. पण त्यांनी आधी फोन घेतला. ‘हॅलो, परब बोलतेय. मी चुकले. दिनेशबद्दल मी बोलायला नको होतं. मी काहीही बघितलेलं नाही, कोणीही बघितलेलं नाही.’ त्याचंही सार आलं: ‘मावशी दिनेश प्रकरणाबद्दल खेद व्यक्त करतात.’ प्रकरण! झालं, आता त्याला नावही मिळालं. खाली उत्तरं आली, ‘वाईट वाटून घेऊ नका मावशी, तुम्ही सावध केलंत ते बरंच केलंत.’

मग त्या दारोदार निघाल्या. नवीन विंगेत दारांवर त्या कॅमेऱ्यावाल्या बेल आहेत. मावशी बेल दाबायच्या, आणि भिंतीतून आवाज यायचा, ‘मावशी, आम्ही बाहेर आहोत, काय काम?’ आतून कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या! त्या भिंतीतल्या काळ्या डोळ्याकडे मान वर करून ही बाई सांगायची, ‘अहो, दिनेशनं काही केलेलं नाही. मी म्हणे म्हटलं होतं.’ भिंत म्हणायची, ‘हो हो मावशी, बघतो.’ मी एका मजल्यावर त्यांच्याबरोबर होते. मला ती बेल उपटून फेकाविशी वाटत होती.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी टपरीशेजारी स्टूल टाकलं. सकाळी पोळ्या झाल्या की जाऊन बसायच्या, जेवायला वर यायच्या, परत जायच्या. स्वतःचा फोन लॉक काढून दिनेशच्या काउंटरवर ठेवायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारायच्या, ‘या, द्या फोन, मी बसलेय इथे.’ जुन्या विंगेतले आम्ही काही जण गेलो. बाकीचे मान खाली घालून गेटमधून आत.

दिनेश त्यांच्याशी बोलत नव्हता. खूप दिवसांनी एकदाच बोलला. हातात कोणाचाही फोन नव्हता, उगाच स्क्रूड्रायव्हर पुसत होता. ‘मावशी,’ म्हणाला, ‘तुम्ही बोललातच कशाला?’

मला वाटलं, त्या सांगतील, अरे, मी तसं नव्हते बोलले, त्या मेल्या यंत्रानं शब्द खाल्ला. नाही सांगितलं. संध्याकाळी माझ्या ओट्याशी उभ्या राहून म्हणाल्या, ‘त्याचा बरोबर आसा गो. म्हणे लावला म्हणून हात धुवान निघाले असा होणा नाय. एक्सचेंजात आम्ही म्हणेसुद्धा म्हणत नव्हतो. कानावर इला, थयच ठेवचा होता.’ मी म्हटलं, मावशी, चूक मोहित्यांची आहे. तर एकदम उसळल्या, ‘त्याची तो बघीत! माझी माका बघूची आसा.’

सोसायटीची सभा लागली. विषय: गेटलगतच्या टपरीबाबत. गच्चीवर खुर्च्या, पुढे मोहिते माइक घेऊन. ‘प्रश्न खऱ्याखोट्याचा नाही,’ मोहिते म्हणाले, ‘प्रश्न भावनेचा आहे. सभासदांच्या मनात शंका आहे.’

‘शंका घातली कोणी?’ मावशींनी मागून विचारलं.

‘तुम्हीच ना मावशी,’ मोहिते म्हणाले, आणि लोक हसले. हसले हो! जसं काही मक्याचंच सार चाललंय.

मावशी उभ्या राहिल्या. ‘होय. मीच. म्हणून आता मीच विचारते. कोणी बघितलंय? कोणाचा फोटो गेला? एकानं हात वर करा, मी गप्प खाली बसते.’

एक हात वर आला नाही. लोक पायाकडे बघत होते, फोनकडे बघत होते. मला क्षणभर वाटलं, जमलं, जिंकली म्हातारी.

‘ठीक आहे,’ मोहिते म्हणाले. ‘आता टपरी हटवण्याच्या ठरावाच्या बाजूनं हात वर करा.’

आणि आले की हो हात वर! तेच हात. फटाफट. विरोधात आम्ही मूठभर. मावशी उभ्याच होत्या. त्यांना बसायचं सुचेना, शेवटी मी हाताला धरून बसवलं.

दिनेश निघाला तो शनिवार होता. घाटकोपरला मेव्हण्याच्या दुकानात त्याला एक टेबल मिळालं होतं. टेम्पो गेटशी लागलेला, बायको खोकी भरत होती. मावशी सकाळपासून स्टुलावर. मी ऑफिसला निघाले होते, ती तिथेच थांबले. मावशी पुढे मुलुंडला राहायला गेल्या, त्या मी घरी नसताना. त्यामुळे माझ्या डोळ्यांपुढे त्या कायम त्या शनिवारच्याच उभ्या राहतात.

सामान जवळजवळ चढलं होतं, तेवढ्यात मोहिते फिरायला जायच्या कपड्यांत लगबगीनं आले. मला वाटलं, निदान निरोप द्यायला आले. कसलं काय!

‘अरे दिनेश, बरं झालं सापडलास,’ म्हणाले. ‘ह्याचं चार्जिंग होत नाहीये. जाता जाता बघ जरा. लॉक उघडून दिलंय. पण जपून हां, मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो ह्यातच आहेत.’

दिनेशची बायको खोकं हातात धरून तशीच थांबली. मावशी स्टुलावरून उठल्या.

‘मोहिते,’ त्या म्हणाल्या, ‘म्हणजे तुमका म्हायत होता.’

‘काय?’

‘ह्यो फोटो बघणारो न्हय, ह्या तुमका म्हायत होता.’

मोहिते हसले. खरंच हसले. ‘अहो मावशी, दिनेशला काय आपण आज ओळखतो? आपल्या घरचाच आहे तो. ठरावाचा विषय वेगळा.’

मला वाटलं, आता मालवण फुटणार, सगळ्या विंगेच्या खिडक्या उघडणार. पण मावशी त्यांच्याकडे पाठ करून दिनेशकडे वळल्या. दिनेशनं खिशातून बारीक ब्रश काढला होता. त्यानं फोनच्या बुडातला कचरा साफ केला, फुंकर मारली आणि फोन मोहित्यांच्या हातात परत ठेवला. पैसे मागितले नाहीत.

‘दिनेश, बाबा,’ मावशी म्हणाल्या, ‘माझा चुकला.’

दिनेशनं त्यांच्याकडे बघितलं नाही. ‘असू दे’ म्हणाला नाही, ‘येतो’ म्हणाला नाही. बायकोला हात देऊन वर घेतलं, स्वतः चढला आणि टेम्पोवाल्याला चल म्हणाला. मावशी गेटमध्ये त्या टेम्पोकडे बघत उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या शेजारी मोहिते खिशातल्या पॉवर बँकेची वायर फोनला लावून म्हणत होते, ‘झकास! चढतंय बघा मावशी, चढतंय.’